जात मोजाल, पण उतारा कुणाच्या नावे?

सोलापुरातल्या एका वस्तीतील बुद्धविहारात मध्यंतरी बैठक होती. विषय जातगणनेचा. केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी येत्या जनगणनेत सर्व जातींची नोंद घेण्याचा निर्णय जाहीर केला, पुढे १ मार्च २०२७ ही मोजणीची संदर्भ तारीख ठरली आणि तेव्हापासून अशा बैठका गावोगावी होत आहेत. व्हायलाच हव्यात. १९३१ नंतर या देशाने सगळ्या जाती मोजून आकडे लोकांसमोर ठेवलेच नाहीत. अनुसूचित जाती-जमाती तेवढ्या मोजल्या, बाकीच्यांवर पडदा. २०११ साली सामाजिक-आर्थिक पाहणीचा घाट घातला गेला, पण तिचे जातीचे आकडे बाहेर येऊच दिले नाहीत. उतरंडीतल्या कुठल्या मडक्यात किती साठले आहे हे कळू नये, यातच ज्यांचे हित आहे त्यांनी ते नव्वद वर्षे कळू दिले नाही. त्यामुळे बैठकीत वक्ते जोरात होते. आम्हीही त्यांच्यात होतो. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहायचे हे ठरलेलेच, पण जातीच्या रकान्यात काय? १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना मिळालेल्या सवलती टिकवायच्या तर काळजी कोणती घ्यायची? यावर तासभर खल झाला.

शेवटी मागे भिंतीला टेकून बसलेल्या एक आजी उठल्या. जन्मभर विड्या वळून बोटे काळी पडलेली. म्हणाल्या, "सर, जात लिहून घ्यायला येतेत ते चांगलंच झालं की ओ. पण घर कुणाच्या नावावर हाय ते बी लिहून घेतेत का? आधी मालकाच्या नावावर होतं, आता पोराच्या नावावर झालंय. हप्ते तर म्या फेडले. मग मी कुठल्या रकान्यात?"

सभेत हशा पिकला. खरे सांगायचे तर आम्हीही हसलो. घरी परतताना मात्र त्या हसण्याची लाज वाटली. कारण हाच प्रश्न चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी याच दुष्काळी पट्ट्यात एका गोऱ्या बाईने गावागावांत फिरून विचारला होता. आम्ही तिची पुस्तके कपाटात ठेवली, जयंतीच्या भाषणात तिची दोन वाक्ये घेतली आणि प्रश्न तिथेच सोडून दिला. त्या बाईचे नाव डॉ. गेल ऑम्व्हेट.

गेल यांचा जन्म २ ऑगस्ट १९४१ चा, अमेरिकेतल्या मिनिआपोलिसचा. कार्लटन महाविद्यालयात शिकल्या, मग कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात. साठच्या दशकातले बर्कले म्हणजे व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात पेटलेले विद्यार्थी आणि काळ्यांच्या हक्कांचा लढा. त्या आगीतून ही तरुणी महाराष्ट्रात आली आणि तिने संशोधनाला विषय काय घेतला? पेशवाई नाही, टिळक नाहीत, गांधी नाहीत. घेतले जोतीराव फुले आणि सत्यशोधक चळवळ. १९७३ साली बर्कलेने त्यांना त्या प्रबंधावर पीएच.डी. दिली. १८७३ ते १९३० या काळातील पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळीचा तो इतिहास १९७६ साली मुंबईहून इंग्रजी पुस्तकरूपाने आला. आपल्याकडचे पंडित तोवर सत्यशोधक म्हणजे इंग्रजांचे हस्तक, जातीयवादी, राष्ट्रीय चळवळीतले अडथळे, असेच शिकवीत होते. गेल यांनी दाखवले की ही सांस्कृतिक बंडाची चळवळ होती आणि तिच्याकडे स्वतःचे तत्त्वज्ञान होते.

त्याच १९७६ साली त्यांनी भारत पाटणकर यांच्याशी लग्न केले आणि सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातील कासेगाव हे त्यांचे गाव झाले. सासूबाई इंदुताई पाटणकर या प्रतिसरकारच्या लढ्यातल्या. म्हणजे सासरही लढ्याचेच मिळाले. १९८३ साली गेल यांनी भारताचे नागरिकत्व घेतले. आजकाल आपली मुले त्या देशाच्या व्हिसासाठी रांगा लावतात, आणि ही बाई तिथला पासपोर्ट सोडून कासेगावला राहायला आली! पुणे विद्यापीठाच्या फुले-आंबेडकर अध्यासनाचे काम त्यांनी केले, देशोदेशी व्याख्याने दिली, पण घर कासेगावातच. २५ ऑगस्ट २०२१ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले.

आता मुद्दा त्यांच्या विचाराचा. गेल आल्या त्या डाव्या म्हणून. पण इथले डावे काय सांगत होते? जात ही वरवरची गोष्ट, पाया वर्गाचा; क्रांती झाली की जात आपोआप गळून पडेल. बाईचा प्रश्न तर त्याहून मागचा. गेल यांनी गावात राहून पाहिले ते निराळे. मजूर म्हणून सगळे एकाच बांधावर काम करतात, पण दुपारच्या भाकरीला वेगवेगळ्या झाडाखाली बसतात. विहीर कुणाची, रोजगाराला आधी हाक कुणाला, मेलेले जनावर ओढायचे कुणी आणि उभ्या पिकातले बलुते कुणाला किती, हे सगळे जातीने ठरलेले. म्हणजे जात ही डोक्यातली नुसती अंधश्रद्धा नाही, ती पोटाची व्यवस्था आहे. जात हीच इथल्या शोषणाचा पाया आहे, वरचा मजला नव्हे, ही मांडणी गेल आणि भारत पाटणकरांनी सत्तरच्या दशकाअखेरीपासून सातत्याने केली. आम्हा आंबेडकरवाद्यांना यात नवीन काय, असे कुणी म्हणेल. नवीन हे की, ती मांडणी त्यांनी मार्क्सवाद्यांच्या दारात जाऊन, त्यांच्याच भाषेत, पुराव्यानिशी केली. आणि तीच कसोटी आम्हालाही लावली. ते पुढे येईलच.

अशीच एक बाई त्याच काळात युरोपात होती. सोलापूरच्या विहारातून हा माणूस एकदम हंगेरीत कसा गेला, असे वाचक म्हणतील. पण थोडे थांबा. आग्नेस हेलर हे तिचे नाव. जन्म १२ मे १९२९, बुडापेस्ट. ज्यू घराणे. वडिलांना हिटलरच्या लोकांनी आउशविट्झच्या छळछावणीत मारले, आई आणि मुलगी कशाबशा वाचल्या. विद्यापीठात गेल्या विज्ञान शिकायला, पण ग्यॉर्ग ल्युकाच या मार्क्सवादी तत्त्वज्ञाचे व्याख्यान ऐकले आणि तत्त्वज्ञानाकडे वळल्या. तिथे सत्ता कम्युनिस्टांची. १९५६ चा उठाव चिरडल्यावर हेलर यांना पक्षातून काढले, विद्यापीठातून काढले. प्राग शहरात १९६८ साली रशियाचे रणगाडे घुसले, त्याचा त्यांनी निषेध केला. १९७३ साली पक्षाने त्यांच्या विचारांवर जाहीर ठपका ठेवला. अखेर १९७७ साली देश सोडून त्या ऑस्ट्रेलियात मेलबर्नला गेल्या आणि पुढे न्यूयॉर्कच्या न्यू स्कूलमध्ये प्राध्यापक झाल्या. (ज्या न्यू स्कूलच्या संस्थापकांत बाबासाहेबांचे कोलंबियातले गुरू जॉन ड्यूई होते, तेच हे.) म्हातारपणी त्या बुडापेस्टला परतल्या आणि तिथल्या ऑर्बान सरकारवर शेवटपर्यंत कोरडे ओढत राहिल्या. १९ जुलै २०१९ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, बालाटन सरोवरात पोहायला गेल्या असता त्यांना मृत्यू आला.

एक बाई विचारासाठी देश सोडून गेली, दुसरी विचारासाठी देश सोडून आली. दोघींनी आपापल्या डाव्या घराण्याशी भांडण मांडले. जग हेलर यांना तत्त्वज्ञ म्हणते. आपल्याकडे गेल यांना काय म्हणतात? 'अभ्यासक', 'संशोधक', 'कार्यकर्त्या', फार तर 'विचारवंत'. तत्त्वज्ञ हा शब्द आपल्याकडे राखीव आहे आणि त्या राखीव जागेबद्दल कुणी मोर्चा काढत नाही! ज्याने उपनिषदांवर भाष्य केले तो तत्त्वज्ञ. जिने चोखोबा, फुले आणि बाबासाहेब यांच्यातून या देशाचा दुसरा विचारप्रवाह उभा करून दाखवला, ती नुसती अभ्यासक. शर्मिला रेगे यांचेही तेच केले. जातीच्या तळाशी उभ्या असलेल्या बाईला समाज जसा दिसतो तसा तो दुसऱ्या कुणाला दिसत नाही, हे ज्ञानशास्त्र त्यांनी मांडले आणि २०१३ साली अकाली गेल्या. त्यांनाही आपण 'प्राध्यापिका' म्हणून हार घातला.

पण हेलर आम्हाला आठवल्या त्या आजींच्या प्रश्नामुळे. हेलर यांचे १९७० च्या दशकातले गाजलेले पुस्तक मार्क्सच्या लिखाणातल्या 'गरज' या कल्पनेवर आहे. माणसाला कशाची गरज आहे हे कोण ठरवतो, हा त्यांचा प्रश्न. भांडवलदारांचा बाजार म्हणतो, ज्याच्या खिशात पैसा त्याचीच गरज खरी. त्यांच्या देशातले कम्युनिस्ट सरकार म्हणत होते, तुमची गरज आम्ही ठरवू, तुम्ही रांगेत उभे राहा. या दुसऱ्या प्रकाराला हेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरजांवरची हुकूमशाही म्हटले. आणि काही गरजा अशा असतात की, चालू व्यवस्था त्या माणसाच्या मनात जागवते पण पुरवू शकत नाही. त्या पुरवायच्या तर व्यवस्थाच बदलावी लागते. स्वतःच्या नावाने जगण्याची गरज ही तशातली. आजी नेमके तेच मागत होत्या. पोटाला मिळते आहे, छप्पर आहे. पण कागदावर त्या नाहीत.

शिरगणतीचा कागद आता पाहा. २०११ च्या घरयादीत घर मालकीचे की भाड्याचे हे विचारले होते, पिण्याच्या पाण्याचा स्रोत विचारला होता. पण मालकीचे घर घरातल्या कुणाच्या नावावर, याला रकाना नव्हता. नळ आहे याची नोंद झाली, नळाला पाणी कितव्या दिवशी येते याची झाली नाही. सोलापूरकरांना हे वेगळे सांगायला नको. भीमेवर उजनीचे एवढे धरण, एकूण साठा सुमारे ११७ टीएमसीचा, आणि शहराला कैक वर्षे तीन-चार दिवसांआड पाणी! रात्री-बेरात्री नळ सुटला की घागरी घेऊन उठते कोण? घरातला पुरुष नाही. तिच्या त्या रात्रीच्या जागरणाची मोजदाद कुठल्याच सरकारी कागदात नाही. मग जात मोजली, पण त्या जातीतल्या बाईच्या नावावर काय आहे ते मोजलेच नाही, तर निम्मा समाज अंधारात राहिला असे होणार नाही काय?

गेल यांच्या कामाचा गाभा इथे आहे. १९७५ च्या सुमारास महाराष्ट्रात स्त्रियांच्या लढ्यांनी उचल घेतली, त्यात शेतमजूर बायांत फिरून त्यांनी लिहिलेले इंग्रजी पुस्तक १९८० साली लंडनहून आले. त्यात शहरातल्या चर्चासत्रांपेक्षा रोजगार हमीवर खडी फोडणाऱ्या बाया जास्त आहेत. पुढे सांगली-सातारा भागात नवऱ्याने टाकलेल्या बायांची चळवळ उभी राहिली, तीत त्या होत्या. 'परित्यक्ता' हा शब्द त्या चळवळीने महाराष्ट्राच्या तोंडी बसवला. मागण्या काय होत्या? तिच्या स्वतःच्या नावाचे रेशनकार्ड. तिच्या स्वतःच्या नावाची घराची जागा. कसायला जमीन. सहानुभूती नको होती, कागदावर नाव हवे होते. शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम काढली, नवऱ्याने जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करावा म्हणून. तिलाही गेल यांनी पाठबळ दिले. यावरून काही डाव्या मित्रांनी त्यांना बड्या शेतकऱ्यांच्या दावणीला बांधून टाकले. त्या डगमगल्या नाहीत.

आणि पाणी. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईचे कामगार खानापूर तालुक्यातल्या आपल्या गावांकडे परतले, तर गावात दुष्काळ. त्यांच्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. येरळा नदीतली वाळू ठेकेदार उपसत होते. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी ठरवले, वाळू आमची, ती थोडी विकून त्या पैशातून आम्हीच बंधारा बांधू. त्याला नाव दिले बळीराजा स्मृती धरण. या धरणाचे खरे वेगळेपण वाटपात आहे. आपला पाटबंधाऱ्याचा सगळा कारभार एका सूत्रावर चालतो: जमीन त्याला पाणी. ज्याची पन्नास एकर त्याला पन्नास एकराचे, ज्याची पाच गुंठे त्याला पाच गुंठ्यांचे, आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याने कालव्याकडे बघत बसायचे. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने हे सूत्र उलटे केले होते. पाणी माणशी द्यायचे, भूमिहीनालाही. बळीराजा धरणाने तेच तत्त्व पुढे नेले. पाणी जमिनीला नव्हे, माणसाला. भूमिहीनाला त्याच्या वाट्याचे पाणी मिळाले तर तो ते दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने वापरू शकतो. म्हणजे आजवर हात जोडून मजुरी मागणारा आता बरोबरीने भागीदार म्हणून बोलतो. हे अर्थशास्त्र ज्याला समजले त्याला जातिअंताचे अर्थशास्त्र समजले, असे आमचे मत आहे.

वाचकहो, हे काही बाबासाहेबांपासून दूरचे नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला त्यांनी ओंजळ भरली ती तळ्याच्या पाण्याची. ते पाणी पिण्यासाठीचे होते, माणुसकीच्या हक्काचे होते. पण चवदार तळ्याची पुढची पायरी कोणती? पिण्याच्या पाण्यानंतर पिकाचे पाणी नको काय? फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये तळी-बंधाऱ्यांचा विचार केला तो उगाच नाही. बाबासाहेबांच्या चरित्रातला स्वतंत्र मजूर पक्षाचा काळ गेल यांना विशेष मोलाचा वाटे, तो याचसाठी. त्यातलेही १९३८ साल पाहा. जानेवारीच्या सुरुवातीला सोलापूर नगरपालिकेने बाबासाहेबांना मानपत्र दिले. त्याच महिन्यात खोती नष्ट करा म्हणून मुंबईच्या विधिमंडळावर शेतकऱ्यांचा मोर्चा गेला. फेब्रुवारीत मनमाडला रेल्वे कामगारांपुढे त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन्ही शत्रू नाव घेऊन सांगितले. दोन्ही! आम्ही त्यातला एक धरला, डाव्यांनी दुसरा धरला, आणि दोघांची ताकद अर्धी झाली.

सोलापूरला हे कळायला हवे, कारण या शहराने तिन्ही गोष्टी पाहिल्या आहेत. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या जानेवारीत वसतिगृह उघडले ते याच शहरात. गिरण्यांचे भोंगे इथे वाजले आणि बंदही पडले. आणि विडी कामगार बायांच्या घरांचा लढा इथे डाव्यांनी लढवला. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत झाली, पुढे रे नगर उभे राहिले, तिथल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या १९ जानेवारी २०२४ रोजी दिल्या गेल्या. राजकारण काही असो, हजारो कष्टकरी बायांना छप्पर मिळाले ही गोष्ट लहान नाही आणि तिला सलाम करायला आमची मान आखडत नाही. आमच्या संघटनांनी गेल्या तीस वर्षांत या शहरात बाईच्या नावाने किती घरे मागितली? मिरवणुकीतल्या डीजेच्या सुपारीचा हिशोब आम्ही काढतो, वर्गणीवरून भांडतो, पण हा हिशोब काढत नाही. जयंतीच्या मंचावर सतरा खुर्च्या. बाई असली तर दीपप्रज्वलनाला आणि बुद्धवंदनेला. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आपल्या चळवळीतल्या बायांचा इतिहास १९८९ साली पुस्तकात मांडला. तो वाचून कुणाची खुर्ची सरकली असे दिसले नाही.

आता कडू बोलतो. बाबासाहेबांनी १९५१ साली कायदेमंत्रिपद सोडले. त्यामागच्या कारणांत मोठे कारण हिंदू कोड बिल हे होते आणि त्या बिलाच्या मुळाशी बाईचा मालमत्तेवरचा हक्क होता. त्या कायद्याचे पुढे तुकडे करून १९५६ साली वारसा कायदा झाला, तो बौद्धांनाही लागू आहे. महाराष्ट्राने १९९४ साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा जन्मसिद्ध वाटा दिला, देशाने २००५ साली दिला, ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने उरलीसुरली शंकाही मिटवली. कायदा पक्का झाला. आणि आपल्या घरात काय चालते? वडील गेले की तेराव्याऐवजी पुण्यानुमोदन होते एवढाच फरक. पंधरा दिवसांत भाऊ बहिणीला तालुक्याला घेऊन जातो, हक्कसोडपत्रावर सही करून घेतो आणि येताना साडी घेऊन देतो. सही दिली नाही तर माहेर तुटले. हे मराठ्यांच्या वाड्यात होते, लिंगायतांच्या पेठेत होते आणि घरात बाबासाहेबांचा फोटो लावून आपणही करतो. आमच्याही नात्यात झाले आहे, आणि त्या दिवशी आम्ही साक्षीदार म्हणून सही केली आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या शेतीच्या खातेदारांमध्ये बाया सुमारे १४ टक्केच होत्या. मनूने बाईला धनाचा अधिकार नाकारला म्हणून आपण दरवर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळतो. २६ तारखेला तहसील कचेरीत मनूच आपल्या हाताला धरून सही करून घेतो.

गेल यांचे सगळेच आम्हाला पटते असे नाही. नव्वदनंतर खुल्या अर्थव्यवस्थेबद्दल त्यांनी जी आशा बाळगली, ती आम्हाला पटली नाही. त्यांचे म्हणणे, सरकारी उद्योग आणि परवाना-राज हे उच्चवर्णीय नोकरशाहीचे कुरण झाले आहे, ते मोडले तर बहुजनांना वाट मिळेल. निदान बरोबर होते, औषध चुकले. सोलापूरच्या बंद गिरण्यांच्या जागेवर इमारती उठल्या, कायम नोकऱ्या गेल्या, ठेकेदार आले आणि ठेकेदाराच्या दारात आरक्षण नाही. बाबासाहेबांनी १९४७ साली घटना समितीसाठी लिहिलेल्या निवेदनात जमीन आणि मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असे सांगितले होते. त्या राज्य-समाजवादाकडे गेल यांनी संशयाने पाहिले. आम्ही बाबासाहेबांच्या बाजूने आहोत. १९९९ साली नर्मदेच्या प्रश्नावर त्यांनी अरुंधती रॉय यांना खुले पत्र लिहिले, तेव्हाही गहजब झाला. पण तिथे त्यांचा प्रश्न आम्हाला रास्त वाटतो. धरण नको म्हणणे सोपे आहे. दुष्काळी गावातल्या दलित बाईला पाणी कुठून देणार, ते आधी सांगा. मतभेद झाला म्हणून माणूस टाकायचा ही आपल्या चळवळीची जुनी खोड आहे. तिने रिपब्लिकन पक्षाचे किती तुकडे झाले ते मोजायलाही वेगळी गणना लागेल.

त्यांच्या उत्तर आयुष्यातले एक पुस्तक मात्र आमच्या जिल्ह्याशी थेट बोलते. २००८ साली आलेल्या त्या पुस्तकात त्यांनी चोखामेळा, जनाबाई, कबीर, रविदास, तुकोबा यांच्यापासून फुले, अयोती दास, पंडिता रमाबाई, पेरियार, बाबासाहेब यांच्यापर्यंत एक सलग धागा ओढला. धागा कसला? सुखी गावाच्या स्वप्नाचा. रविदासांनी ज्याला बेगमपुरा म्हटले, जिथे दुःख नाही, कर नाही, वरचा-खालचा नाही. आपल्याला वाटते, दलितांचे साहित्य म्हणजे वेदना. गेल म्हणतात, वेदना आहेच, पण तिच्या मागे उद्याच्या समाजाचा आराखडाही आहे, आणि तो ब्राह्मणी परंपरेतल्या रामराज्याहून निराळा आहे. तो मागे नेत नाही, पुढे नेतो. यालाच तत्त्वज्ञान म्हणायचे नाही तर कशाला?

चोखोबा आमच्या मंगळवेढ्याचे. १३३८ साली गावची भिंत बांधता बांधता ती अंगावर कोसळली आणि दगडमातीखाली गेले. जिवंतपणी विठोबाच्या देवळात पाय ठेवता आला नाही, मेल्यावर समाधी महाद्वाराबाहेर. ते दार उघडायला १९४७ साल आणि साने गुरुजींचे उपोषण लागले. बडव्यांचे हक्क संपायला २०१४ च्या जानेवारीतला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. आज मंगळवेढ्याला चोखोबाचे नाव घेणारे पुष्कळ आहेत. पण त्याच तालुक्यातल्या पस्तीस गावांचा पाणीप्रश्न कित्येक निवडणुकांत गाजला आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत तसाच राहिला. उजनीच्या पाण्यावर जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने उभे आहेत. उसाला पाणी पोचते, माणसाला पोचायला लढा लागतो. तो लढा सांगली, सातारा, सोलापूर मिळून तेरा दुष्काळी तालुक्यांनी १९९३ पासून आटपाडीच्या पाणी परिषदेतून लढवला. नागनाथअण्णा नायकवडी, सांगोल्याचे गणपतराव देशमुख आणि भारत पाटणकर त्यात पुढे होते, आणि समन्यायी वाटपाचा विचार त्या परिषदेच्या पोटात होता. नागनाथअण्णा २०१२ साली गेले. गणपतराव ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरातच गेले आणि महिन्याभरात गेल गेल्या. आता तो विचार कुणाच्या खांद्यावर आहे, असे विचारले तर तेरा तालुक्यांतले आमचे किती कार्यकर्ते हात वर करतील?

म्हणून जातगणनेबद्दल आमचे म्हणणे स्पष्ट आहे. गणना झालीच पाहिजे आणि आकडे तालुक्यापर्यंत फोडून जाहीर झाले पाहिजेत. जातीच्या रकान्याशेजारी जमीन किती, ओलिताची किती, घर कुणाच्या नावे, बाईच्या नावे काय, हे आले पाहिजे. प्रगणकाच्या कागदात सरकार ते घालणार नाही असे दिसते, तर ते आपण करायचे. महात्मा फुल्यांनी 'असूड' लिहिला तेव्हा त्यांना कुठल्या सरकारी खात्याने आकडे पुरवले नव्हते. ते गावोगाव हिंडून, शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून लिहीत होते. गेलही तशाच हिंडल्या. विद्यापीठ आपल्या शहरात २००४ पासून आहे, पोरे-पोरी शिकून बसली आहेत, त्यांच्या हातात मोबाईल आहेत. एका वस्तीतली दोनशे घरे मोजायला चार रविवार पुरतात.

त्या विहारात आम्ही पुन्हा गेलो. आजींना विचारले, तुमच्यापासून सुरुवात करू का? त्यांनी ट्रंकेतून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला घरपट्टीचा उतारा काढला, बँकेच्या हप्त्यांच्या पावत्या काढल्या. पावत्यांवर अंगठे त्यांचे. उताऱ्यावर दोन नावे. एक खोडलेले, एक नवे. मुलगा दारातच उभा होता. त्याने आईकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि विचारले, "तिचं नाव लावायला काय काय कागद लागतेत, सर?"